भंगारातली ट्राम, दहा पौंड आणि आपली बार्शी लाईट

ज्यांना एपिसोड ऐकायला जमलं नाही, किंवा एसटीत बसल्यावर मध्येच रेंज गेली, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिहून काढलेला भाग. बोलताना जिथे अडखळलो तेवढं नीट केलंय, बाकी सगळं तसंच आहे.

आज एका सालापासून सुरुवात करूया. साल १९६४.

३१ मार्च १९६४ च्या रात्री मुंबईत शेवटची ट्राम धावली. बोरीबंदर ते दादर. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक निरोप द्यायला उभे होते. दुसऱ्या दिवसापासून मुंबईत ट्राम नाही, विषय संपला.

आणि त्याच १९६४ साली इंग्लंडमध्ये, डर्बीशर परगण्यातल्या क्रिच नावाच्या खेड्यात, एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत, काही हौशी लोकांनी विजेची जुनी ट्राम लोकांना बसवून चालवायला सुरुवात केली. यातले कुणी ट्राम कंपनीचे मालक नव्हते. नोकरीधंदा सांभाळून शनिवार-रविवारी हातात पाना घेऊन येणारी माणसं. ते ट्राम म्युझियम आजही चालू आहे.

एकाच वर्षी इकडे ट्राम संपली आणि तिकडे संपलेली ट्राम पुन्हा चालू झाली. आता तुम्ही म्हणाल, सोलापूरला ट्रामचं काय कौतुक? आपल्याकडे ट्राम कधी नव्हतीच. बरोबर आहे. पण आपल्याकडे बार्शी लाईट होती. तिथे पोचायला आधी मुंबईवरून जाऊ.

मुंबईची ट्राम सुरू झाली ९ मे १८७४ ला, आणि ती घोडे ओढायचे. स्टर्न्स आणि किट्रेज नावाच्या कंपनीकडे तिचं लायसन्स होतं आणि तबेल्यात ९०० घोडे होते. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटमार्गे पायधुणी हा एक मार्ग, बोरीबंदरहून पायधुणी हा दुसरा. तिकीट सुरुवातीला तीन आणे, मग दोन आणे झालं. ७ मे १९०७ ला विजेची ट्राम आली. १९२० मध्ये गर्दी वाढली म्हणून दुमजली ट्राम आली. १९४७ मध्ये सगळा कारभार महापालिकेकडे, म्हणजे बेस्टकडे गेला. आणि १९६४ मध्ये शेवट. तब्बल नव्वद वर्षं.

ट्राम फक्त मुंबईतच होती असंही नाही बरं का. नाशिकमध्येसुद्धा होती. नाशिक रोड स्टेशनपासून गावातल्या जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपर्यंत. तीही सुरुवातीला घोड्यांची. आज नाशिकच्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला हे सांगितलं तर तो म्हणेल, फेकू नको.

मग त्या नव्वद वर्षांतलं उरलं काय? अनिक डेपोत बेस्टचं म्युझियम आहे. परांजपे नावाच्या बेस्टच्याच एका अधिकाऱ्याच्या धडपडीतून ते १९८४ मध्ये कुर्ला डेपोत सुरू झालं आणि १९९३ मध्ये अनिकला हलवलं गेलं. तिथे ट्रामची मॉडेलं आहेत, तिकिटं आहेत, तिकिटं पंच करायची यंत्रं आहेत. काही वर्षांपूर्वी हुतात्मा चौकात फ्लोरा फाउंटनचं काम चालू असताना जमिनीखाली चक्क ट्रामचे रूळ सापडले. आणि सीएसएमटीसमोरच्या भाटिया बागेत लोकांना ट्राम कशी असते ते दाखवायला एक डबा ठेवला, तो आणावा लागला कोलकात्याहून! ज्या शहरात नव्वद वर्षं ट्राम धावली, त्या शहराला दाखवायला दुसऱ्या गावची ट्राम मागवावी लागली. यात कुणाची टिंगल करायची नाहीये. गोष्ट वेळेत जपली नाही तर पुढे काय करावं लागतं, एवढंच सांगायचंय.

आता क्रिचवाल्यांनी वेगळं काय केलं ते बघूया.

१९४८ साली ट्रामची आवड असलेला एक ग्रुप साउदॅम्प्टन शहरात ट्रामची सहल करायला गेला होता. तिथे त्यांना कळलं की वरून उघड्या टपाची एक जुनी ट्राम, नंबर ४५, लवकरच भंगारात जाणार आहे. या लोकांनी वर्गणी काढली आणि ती विकत घेतली. किती रुपयांना? दहा पौंडांना. त्या वेळच्या दराने साधारण १३३ रुपये.

दहा पौंडांत ट्राम मिळाली, पण ठेवायची कुठे? घराच्या अंगणात ट्राम मावत नाही. म्हणून पुढे १९५५ मध्ये त्यांनी रीतसर सोसायटी काढली, १९५९ मध्ये क्रिचची खाण मिळाली, १९६३ मध्ये तिथे घोड्याची ट्राम सुरू केली आणि १९६४ मध्ये विजेची. म्हणजे ट्राम विकत घेण्यापासून ट्राममध्ये लोक बसवण्यापर्यंत सोळा वर्षं गेली. आपण तीन महिन्यांत प्रोजेक्ट लाइव्ह गेला नाही तर वैतागतो!

आणि या सोळा वर्षांत बाहेर काय चाललं होतं? ब्रिटनमधलं एकेक शहर आपली ट्राम बंद करत होतं. १९६० मध्ये शेफील्ड, १९६२ मध्ये ग्लासगो. त्यामुळे ट्राम स्वस्तात मिळत होत्या, पण वेळ फार थोडा होता. ज्या आठवड्यात निर्णय घ्यायचा त्या आठवड्यात घेतला नाही, तर पुढच्या आठवड्यात तिथे फक्त लोखंडाचे तुकडे.

बरं, जुनी ट्राम दुरुस्त करतात म्हणजे नेमकं काय करतात? मला वाटायचं, घासायचं आणि रंग मारायचा. पण रंग हे सगळ्यात शेवटचं काम. सगळ्यात आधी काहीच उघडायचं नसतं. आधी फोटो, मोजमाप, प्रत्येक भागाला चिठ्ठी. मग सांगाडा. जुन्या ट्रामचा वरचा सांगाडा लाकडी असतो आणि पाणी मुरून तो कुजतो, बाहेरून मात्र टणाटण दिसतो. कुजलेलं लाकूड काढून तसंच नवीन सांध्याला सांधा मिळवून बसवायचं. मग मोटर. तिच्या आतल्या तारांवरचं इन्सुलेशन गेलेलं असतं, म्हणून ती नव्याने गुंडाळायची. मग कंट्रोलर, म्हणजे ड्रायव्हर उभा राहून जो पितळी हँडल फिरवतो ते खोकं. हँडल एकेक घर पुढे सरकलं की वाटेतला विजेचा अडथळा कमी होत जातो, मोटरला जास्त वीज मिळते आणि गाडी वेग घेते. त्यातले तांब्याचे संपर्क झिजलेले असतात. ते दुकानात मिळत नाहीत, घडवावे लागतात. आणि रंगाच्या वेळीसुद्धा आधी जुना रंग थराथराने खरवडून बघतात, की सगळ्यात खाली मूळ रंग कोणता होता.

माझ्या कामात आम्ही याला लेगसी कोड म्हणतो. दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला प्रोग्रॅम, लिहिणारा कंपनी सोडून गेला, कागदपत्रं नाहीत, आणि तो प्रोग्रॅम तर चालू ठेवायचाय. तेव्हा पहिला नियम एकच असतो, समजल्याशिवाय हात लावायचा नाही. ट्रामवाल्यांचाही तोच नियम आहे. फरक एवढाच की आमचं चुकलं तर बॅकअप असतो. लाकडाला आणि लोखंडाला बॅकअप नसतो.

आता येऊ घरी. बार्शी लाईट.

गोष्ट अशी की मुंबईहून सोलापूरकडे येणारी जीआयपी रेल्वेची मोठी लाइन १८६० च्या सुमारास आली, पण ती बार्शीला टाळून गेली. बार्शी म्हणजे धान्याची आणि कापसाची मोठी बाजारपेठ. स्टेशनचं नाव ठेवलं ‘बार्शी रोड’, आणि प्रत्यक्ष बार्शी तिथून वीस-एकवीस मैल लांब! तेच बार्शी रोड म्हणजे आजचं कुर्डुवाडी. मधलं सगळं अंतर बैलगाडीने.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेत नोकरीला आला होता. छोट्या, स्वस्त रेल्वेने मोठ्या लाइनीला माल आणून द्यायचा, हा त्याच्या डोक्यातला विषय. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. शेजारच्या मोठ्या लाइनीचं साडेपाच फूट.

पण नुसती छोटी गाडी काढणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. कॅलथ्रॉपची खरी हुशारी पुढे आहे. त्याने एक आकडा धरला, पाच टन. इंजिन असो, मालडबा असो, प्रवासी डबा असो, कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. एकदा हा नियम पाळला की रूळ हलके चालतात, यार्डाला ३० पौंड वजनाचे, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज आपल्या मोठ्या लाइनीवर मीटरला ६० किलोचे रूळ असतात. रूळ हलके, की पूल हलके, की खर्च कमी. मग इंजिन जड कसं चालेल? त्याचं उत्तर म्हणजे त्याचा भार जास्त चाकांवर वाटून टाकायचा. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने बार्शीसाठी बनवलेल्या पहिल्या पाच इंजिनांना गाडी ओढणारी आठ चाकं होती आणि मागे आधाराला आणखी चार. डबेसुद्धा सगळे एकाच मापाचे, २५ फूट लांब. हे डबे हिंदुस्थानात पाठवायच्या आधी लीड्सजवळ न्यूले इथे खास रूळ टाकून इंजिनिअर लोकांना ही गाडी चालवून दाखवली होती. म्हणजे बार्शीची गाडी हा त्या काळचा शोकेस प्रोजेक्ट होता, राव! जगात छोटी रेल्वे कशी बांधावी याचं उदाहरण म्हणून तिच्याकडे बघितलं जायचं.

मग लाइन वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. एकूण २०२ मैल, साधारण ३२५ किलोमीटर. पंढरपूर जोडलं गेलं आणि ही व्यापाऱ्यांची गाडी वारकऱ्यांचीही झाली. त्या काळी देशभर यात्रांच्या गर्दीत माणसांसाठी मालडबेसुद्धा जोडायची पद्धत होती. आपल्या आजी-आजोबांच्या बोलण्यात ही गाडी येते ती बहुतेक वेळा आषाढी-कार्तिकीच्या संदर्भात, आणि तिच्या वेगाच्या थट्टेसोबत. चालत्या गाडीतून उतरावं, शेतातली काकडी तोडावी आणि परत मागच्या डब्यात चढावं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. प्रत्येक छोट्या रेल्वेबद्दल असंच सांगतात, पण आपल्याला आपलीच खरी वाटते.

१९५४ मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली आणि बार्शी लाईट मध्य रेल्वेत गेली. २००० नंतरच्या दहा-अकरा वर्षांत टप्प्याटप्प्याने सगळी लाइन ब्रॉडगेज झाली. छोटी गाडी संपली.

इथे एक गोष्ट स्पष्ट बोलायला पाहिजे. ब्रॉडगेज झालं ते चांगलंच झालं. लातूरचा पोरगा आज रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरतो. पंढरपूरला लांबून थेट गाड्या येतात. ज्यांनी त्या छोट्या गाडीत लटकून प्रवास केलाय त्यांना विचारा, कुणी म्हणणार नाही की ती परत आणा. क्रिचमधल्या लोकांनीसुद्धा शहरातल्या बस थांबवून ट्राम चालू करा असा हट्ट धरला नव्हता. त्यांनी फक्त एवढं म्हटलं, की एक तरी चालती ठेवू.

आता कॅलथ्रॉपच्या दुसऱ्या गाडीचं काय झालं ते ऐका. बार्शीचा अनुभव घेऊन त्याने इंग्लंडमध्ये स्टॅफर्डशर परगण्यात लीक अँड मॅनिफोल्ड नावाची तेवढ्याच अडीच फुटांची रेल्वे बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिचं एक इंजिन तर कॅलथ्रॉपच्याच नावाचं होतं. १९३४ मध्ये ती बंद पडली, आणि आज तिच्या वाटेवरून लोक चालतात, सायकली चालवतात. म्हणजे जिथे ट्राम वाचवली त्याच देशात बार्शीची धाकटी बहीण वाचली नाही. कारण १९३४ मध्ये रेल्वे अशी हौसेने वाचवता येते हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. १९५१ मध्ये वेल्समध्ये टॅलिलिन नावाच्या रेल्वेवर स्वयंसेवकांनी गाडी चालवून दाखवली, तेव्हा लोकांना कळलं की हे शक्य आहे. मग १९५६ मध्ये बंद पडलेली वेल्समधलीच वेल्शपूल अँड लॅनव्हेअर रेल्वे १९६३ मध्ये स्वयंसेवकांनी परत सुरू केली. आणि तिचा गेज किती? अडीच फूट, आपल्या बार्शीएवढाच. म्हणजे बार्शीचा एखादा डबा तिथे नेऊन ठेवला, तर तो रुळावर बरोबर बसेल. तिथे बसेल, बार्शीत बसणार नाही, कारण बार्शीत आता तसला रूळच नाही.

मग हे आपल्याकडे का होत नाही? लगेच ‘आपल्या लोकांना कदरच नाही’ म्हणू नका. ते सोपं उत्तर आहे आणि चुकीचं आहे. तिकडे शहराची ट्राम नगरपालिकेची, ती भंगार विकणार, कुणीही दहा पौंड टाकून घ्यावी. आपल्याकडे रेल्वे केंद्र सरकारची. भंगाराचा लिलाव होतो तो टनावर, आणि तिथे बोली लावायला भंगारवाला असतो, हौशी मास्तर नसतो. शिवाय इंजिन घेतलंच तरी ठेवायचं कुठे आणि बॉयलर तपासून परवानगी देणार कोण? वाफेच्या बॉयलरशी खेळ नसतो, फुटला तर माणसं जातात.

तरीही आपल्या देशात गोष्टी वाचल्यात. पटियाला संस्थानात १९०७ ते १९२७ एक मोनोरेल होती. एक चाकरांग रुळावर आणि तोल सांभाळायला एक मोठं चाक रस्त्यावर! बंद पडल्यावर तिचं सगळं सामान पडून राहिलं. १९६२ मध्ये माइक सॅटो नावाच्या रेल्वेवेड्या इंग्रज माणसाला ते पटियालाच्या पीडब्ल्यूडीच्या आवारात दिसलं. पुढे अमृतसरच्या रेल्वे वर्कशॉपने ते इंजिन परत चालतं केलं, आणि आज ते दिल्लीच्या रेल्वे म्युझियममध्ये आहे. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी आयुष्यभराच्या हौसेतून छोट्या रेल्वेचं म्युझियम उभं केलं, ते १९९८ पासून लोकांना बघायला मिळतं. मुंबईत बेस्टचे परांजपे. म्हणजे वेडी माणसं आपल्याकडेही आहेत. फक्त आपल्याकडे ती एकेकटी असतात. क्रिचमध्ये त्यांची सोसायटी झाली. एकटा माणूस थकतो, रिटायर होतो, जातो. सोसायटीत मात्र एकाने पाना खाली ठेवला की दुसरा उचलतो.

या एपिसोडसाठी मी कुर्डुवाडीच्या एका निवृत्त रेल्वे फिटरशी बोललो. माझ्या मित्राचे चुलते. नाव सांगू नको म्हणाले, म्हणून नुसतं काका म्हणतो. मी विचारलं, आस तापलाय हे कसं ओळखायचात? मला वाटलं एखाद्या मीटरचं नाव सांगतील. काकांनी हात पुढे केला आणि उलटा केला. म्हणाले, ‘तळहात नाही लावायचा. भाजला तर उद्या काम कशानं करशील? मागची बाजू लावायची.’ मग म्हणाले, चाकावर हातोडी मारली की चांगलं चाक घंटेसारखं वाजतं, तडा गेला असेल तर आवाज बसका येतो. तो फरक तोंडाने काढून दाखवला त्यांनी. मी रेकॉर्ड केलाय, एपिसोडमध्ये बाविसाव्या मिनिटाला ऐका.

निघताना मी विचारलं, हे आजवर कुणाला शिकवलंत का? म्हणाले, ‘शिकवलं की, पोरं होती हाताखाली. पण ती गाडीच गेली, आता शिकून कोण काय करणार?’

हे ऐकल्यापासून मला एक गोष्ट पटलीये. आपण म्युझियम म्हटलं की लोखंडाचा विचार करतो. स्टेशनबाहेर चौथऱ्यावर एक इंजिन उभं करायचं, भोवती कुंपण, दरवर्षी एक हात रंग. तेही हवंच. पण लोखंड अजून पन्नास वर्षं उभं राहील. काकांच्या हाताची ती मागची बाजू तेवढी थांबणार नाही. क्रिचमध्ये पहिल्या पिढीच्या स्वयंसेवकांना मोठा आधार मिळाला तो खऱ्या ट्रामवर काम केलेल्या माणसांचा, कारण तेव्हा ती हयात होती. आपली बार्शी लाईट बंद होऊन अजून पंधरा-वीस वर्षंच झालीत. तिच्यावर काम केलेले ड्रायव्हर, गार्ड, फिटर, गँगमन अजून कुर्डुवाडीत, बार्शीत, पंढरपुरात, मिरजेत आहेत. आणि ज्या कुर्डुवाडीच्या वर्कशॉपने छोट्या गाड्या सांभाळल्या, ते वर्कशॉपही उभं आहे.

म्हणून एक प्रस्ताव मांडतो. पैसे नकोत, परवानगी नको, फोन पुरे. तुमच्या घरात, गल्लीत कुणी बार्शी लाईटवर काम केलेलं असेल, तर अर्धा तास बसा आणि रेकॉर्डिंग करा. ‘कसं वाटायचं’ हे विचारू नका, ‘कसं करायचात’ हे विचारा. सिग्नल कसा द्यायचात? पाणी कुठे भरायचात? चढावर चाक घसरलं तर काय करायचात? घरात जुनं तिकीट, पास, ड्युटीचा कागद, लग्नाच्या वऱ्हाडाचा स्टेशनवरचा फोटो असेल तर दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, मागे लिहिलेली तारीख पुढच्या फोटोइतकीच कामाची असते. जुन्या लाइनीचा भराव, मोरी, पडकी चौकी शेतात दिसली तर फोटो काढून नकाशावर खूण करा. शेतकऱ्याला विचारून, बरं का, त्याच्या उभ्या पिकात घुसून नाही.

हे सगळं गोळा करायला मी एक फोल्डर उघडलाय, पॉडकास्टच्या पेजवर पत्ता आहे. आत्ता त्यात एकच फाइल आहे, काकांचा तो बसका आवाज. दुसरी फाइल तुमची असू दे.

पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. तोवर ऐकत राहा, आणि या वेळी जरा रेकॉर्डही करा!